कुजीचा हेळवी

पूर्वी मोरवडला हेळवी यायचा तो बैलावर बसून. सुगी आटोपली की घराच्या उंबऱ्यापुढं उभा राहायचा, वही उघडायचा आणि सात पिढ्यांची नावं खड्या आवाजात म्हणून दाखवायचा. मूळ गाव कुठलं, कोण कुठून उठून कुठं आला, कुणाचा कोण. सगळं म्हणून झालं की शेवटी विचारायचा, "पुढं लेकरं किती?" नवी नावं वहीत चढली की पायलीभर धान्य घेऊन पुढच्या दारी. हर्षदाच्या लग्नानंतर तो एकदाच आला होता. तिनं दारातून सांगितलं, "एक लेक आहे." हेळव्यानं मान हलवली आणि वही मिटली. त्याच्या वहीत लेकींना जागा नव्हती.

आता जो हेळवी येणार होता तो पांढऱ्या गाडीतून. आणि तो येणार म्हणून हर्षदा पहाटेपासून भ्याली होती.

हा हेळवी माणसांचा नव्हे, कुजीचा. सरकारी कागदावर त्याचं नाव वंशवाचक यंत्र असं होतं, पण गावानं त्याला पहिल्याच दिवशी हेळवी करून टाकला. नासक्या हळदीच्या गड्ड्याचा नखाएवढा तुकडा त्याच्या पोटात घातला की चाळीस मिनिटांत तो सांगे, ही कूज कुणाची कोण. त्यातली गोम साधी आहे. जुन्या काळी पोथी उतरवून घेताना एखाद्याकडून अक्षर चुकायचं, पुढचा ती चूक तशीच उतरवायचा आणि वर स्वतःची एक घालायचा. चुका लावून बघितल्या की कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली ते कळतं. कूज एका रानातून दुसऱ्या रानात जाते तेव्हा तिच्या जनुकांतही अशीच एखादी चूक होते. हेळवी त्या चुका वाचायचा.

आणि कूज तरी कसली? सहा वर्षांपूर्वी ती कृष्णाकाठी उतरली, तेव्हा लोकांना वाटलं ही आपली नेहमीचीच कंदकूज. नेहमीची कूज निदान पानं पिवळी करून वर्दी देते. ही काळी कूज तसलं काही करत नाही. वर पाला हिरवागार, कमरेएवढा, बघणाऱ्याचं मन भरावं असा, आणि खाली गड्डा आतून काळा, पाणी सुटलेला. पौषात काढणीला कुदळ घातली की मगच कळायचं. तीन तालुक्यांतली हळद अशीच गेली. आईच्या आईपासून चालत आलेली बेणी गेली.

त्यानंतर दोन गोष्टी आल्या. एक कायदा आला, की ओला गड्डा गावाची शीव ओलांडणार नाही. आणि दुसरी आली ती गंधशलाका, म्हणजे हातभर लांबीची कांडी. तिचं टोक मातीत रोवलं की ती गड्ड्याचा वास घेते. आजारी गड्डा दुखणं वर दिसायच्या महिनाभर आधीच वेगळा वास सोडतो, माणसाला न कळणारा, कांडीला कळणारा. गावानं तिला नाव दिलं नाक. ज्या बाईच्या हाती नाक, ती कंदसखी. मोरवडची कंदसखी हर्षदा. गावात हळदीचे प्लॉट दोनशे बारा, आणि दर आठ दिवसांनी प्रत्येकात नाक रोवायचं. गेल्या दोन वर्षांत मोरवडला कुजीचा डागसुद्धा लागला नव्हता. म्हणूनच मोरवडला बेण्याचं गाव म्हणून शिक्का मिळाला होता. येत्या माघात इथलं बेणं अकरा तालुक्यांत जाणार होतं.

आणि परवा बापूसोच्या रानात भरणी करताना, म्हणजे बुंध्यांना माती चढवताना, एका बाईनं हळदीचं झाड सहज धरलं, तर बुंधा नुसता हातात आला. खाली काळा चिखल होता. हर्षदाच्या नाकानं आठच दिवसांपूर्वी त्या रानाला निरोगी म्हटलं होतं.

पण तिची भीती नाकाची नव्हती. ती ओटीची होती.

हर्षदाचं माहेर नदीपल्याडचं शिरटेक. तिकडं रीत अशी, की माहेरवाशीण परत निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर वाळलेलं हळकुंड नाही, ओला जेठा गड्डा, म्हणजे बेण्याचा मूळ कंद, घालायचा. सासरी तुळशीपाशी तो लावायचा. मृगात कोंब वर आला की म्हणायचं, लेक रुजली. कायदा आला तशी रीत बंद पडली. निदान सगळे म्हणायचे तसं. चैत्रात हर्षदा आजारी आईला भेटून निघाली, तेव्हा आईनं पडल्या पडल्या तिची ओटी भरली आणि मुठीतला गड्डा तांदळाखाली सारला. हर्षदा म्हणाली, "आई, मीच कंदसखी, आणि मीच हे नेऊ?" आई म्हणाली, "न्हे गं. माज्या हातचा ह्यो शेवटचाच." नदीच्या नाक्यावर पोलीस बाईनं पिशव्या उपसून बघितल्या, पण माहेरवाशिणीची ओटी कोण सोडून बघतं? पंधरा दिवसांत आई गेली. ज्येष्ठात शिरटेकच्या रानांत काळी कूज निघाली आणि सगळ्या शिवारात वाफेची यंत्रं फिरून माती भाजून निघाली.

तेव्हापासून हर्षदा नीट झोपली नव्हती. दर आठ दिवसांनी गावभर फिरून आली की परसात जायची आणि तुळशीपाशी नाक रोवायची. नाक म्हणायचं, निरोगी. आजही पहाटे उठून तिनं तेच केलं. निरोगी. तरी तिनं कांडी उपसून आणखी एकदा रोवली.

ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं. सरकारी कूज-तपासणी पथकाचे कणसे साहेब मवाळ बोलणारे, पण चष्म्याआडून असे बघायचे की न केलेला गुन्हाही आठवावा. त्यांनी सगळ्यांसमोर बापूसोच्या रानातला तुकडा यंत्रात घातला. चाळीस मिनिटं सगळे यंत्राकडं बघत बसले. मग पडद्यावर रेघा उमटल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या.

"मूळ शिरटेक," कणसे म्हणाले. "थेट. मधे दुसरं गाव नाही. चैत्र-वैशाखात आलेली आहे. शिरटेकहून इकडं कोण आलं होतं?"

 चार-दोन माना हर्षदाकडं वळल्या, आणि वळल्या तशा परत फिरल्या. जिच्या हातात नाक, तिच्याकडं बोट कोण दाखवणार?

बापूसो पुढं झाला. तो हर्षदाचा चुलत दीर, स्वभावानं वाईट नव्हे, पण आज त्याचं रान जाणार होतं. "सायेब, मायाप्पा. धनगर. चैत्रात त्याची मेंढरं आदी शिरटेकला बसल्याली, मंग माज्या रानात. खुरातनं आली ही ब्याद."

मायाप्पा पटांगणाच्या कडेला उभा होता. पाऊस लागला की धनगर आपल्या मुलखात परततात, पण यंदा त्याची बायको बाळंत झाली म्हणून तो गायरानावरच पाल ठोकून राहिला होता. तो म्हणाला, "आमी वरसाला बसतुय बापूसो. तूच बोलवून न्हेलंस खतासाठनं."

"नियम आहे," कणसे म्हणाले. ते नियम म्हणाले की पुढचं वाक्य वाईट असायचं. "बाधित जनावरं नष्ट करावी लागतात. एकशे चाळीस ना? संध्याकाळी पाचला गाडी येईल. आणि तुमच्या कुटुंबाला सात वर्षं हळदीच्या टापूत पाय ठेवता येणार नाही."

 मायाप्पा तिथंच उकिडवा बसला आणि डोक्यावरचा पटका सोडून मांडीवर ठेवला. धनगर पटका कधी सोडतो ते गावाला माहीत होतं. कुणी मेलं तरच.

आणि हर्षदाला काय वाटलं? खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. आपल्या परसातला गड्डा निरोगी आहे, नाकानं पंधरा वेळा सांगितलंय, म्हणजे आपण नव्हे. मग मायाप्पाच असणार. सुंठीवाचून खोकला गेला. लगेचच तिला स्वतःची शिसारी आली, पण सुटल्यासारखं वाटायचं काही थांबलं नाही.

"कंदसखी," कणसे म्हणाले, "बापूसोंच्या रानाचं शेवटचं वाचन घेऊन या. बाधित म्हणून नोंद झाली की वाफेचं यंत्र लावतो."

ती एकटीच गेली. रान हिरवंगार होतं, वारं सुटलं की पानांचा सळसळाट व्हायचा. परवा उपटलेल्या झाडाचा खड्डा तसाच होता, आणि आत काळं पाणी साचलेलं. त्याचा वास तिच्या स्वतःच्या नाकाला वरूनच आला, कुजलेल्या बटाट्याच्या पोत्यासारखा. तिनं पदर तोंडाला लावला, कांडी स्पिरिटमध्ये बुडवून पुसली आणि खड्ड्याच्या कडेला, काळ्या चिखलात रोवली.

नाक म्हणालं, निरोगी.

तिला वाटलं नीट रोवली नाही. तिनं ती काढली, पुसली, आणखी खोल घातली, थेट सडक्या गड्ड्यात. निरोगी. पलीकडच्या सरीत घातली. निरोगी. परत काळ्या चिखलात. निरोगी.

हर्षदा सरीतच बसली. भीती पहाटेपासून होती, पण ती एका कोपऱ्यात होती, तुळशीपाशी, वीतभर जागेत. आता ती तिथून उठली आणि सगळ्या शिवारावर पसरली.

नाक आंधळं का झालं, हे कळायला कंदसखीच्या प्रशिक्षणाचा पहिला तास आठवायला हवा. मास्तरांनी तेव्हा वाण्याच्या तराजूचं उदाहरण दिलं होतं. वाणी आधी रिकामं भांडं तराजूत ठेवतो आणि काटा शून्यावर आणतो, म्हणजे भांड्याचं वजन वजनात धरलं जात नाही. नाकही तसंच. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते सुरू केलं की आधी स्वतःच्या टोकाचा वास घेतं आणि त्याला शून्य धरतं. पुढं हंगामभर तो वास त्याच्या लेखी नसतोच. म्हणून टोक त्या दिवशी कोरं पाहिजे, मास्तर म्हणाले होते. जे टोकावर असेल ते नाकाला जन्मात कळणार नाही.

आणि तिला तो पहिला दिवस आठवला. वैशाखातला. नवी कांडी आदल्या दिवशी आली होती, देवघरात ठेवली होती. सकाळी उचलली तेव्हा टोकाला पिवळं बोट लागलेलं होतं. आत्तीनं पूजा केलेली दिसते, असं म्हणून ती हसली होती. आत्ती म्हणजे तिची सासू, विमलबाई. नवी वस्तू घरात आली की हळद-कुंकू वाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, मग ती सायकल असो नाहीतर मोबाइल. हर्षदानं टोक स्पिरिटनं धुवायला हवं होतं. पण पूजेची हळद त्याच दिवशी पुसू नये, हे तिच्या आईनंच तिला लहानपणी शिकवलं होतं. आणि करंड्यातली हळद म्हणजे काहिलीत शिजलेली, वाळलेली, दळलेली. तिच्यात कूज कसली जगते? तिनं कोरड्या फडक्यानं टोक हलकं टिपलं आणि नाक सुरू केलं.

ती पळतच घरी आली. तुळशीपाशी बसली आणि हातांनीच माती उकरली. झाड कमरेएवढं होतं, हिरवं, डौलदार. बुंधा नुसता हातात आला. खाली आईचा गड्डा होता, निदान त्याची साल होती. आत काही नव्हतं. सालीला एका बाजूला सरळ काप होता, सुरीनं एक बोट कापून घेतल्यासारखा.

"आत्ती," तिनं हाक मारली. 

विमलबाई पदराला हात पुशीत बाहेर आली. उकरलेली माती बघून थबकली.

"आत्ती, त्या दिवशी नाकाला हळद कुठली लावलीत?"

"का गं?"

"करंड्यातली का?"

विमलबाईनं उगीच तुळशीकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाई. तुजी आई जाऊन चार दिस झाल्यालं. तू रडायची बी न्हाईस, नुसती काम करायचीस. म्या म्हनलं, हिच्या आईचा हात लागू दे ह्या कामाला. तिच्या गड्ड्याचं एक बोट कापलं, सहाणंवर उगाळलं आनि लावलं. मंग राह्यल्यालं हितं पुरलं." ती सुनेच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. "काय चुकलं का गं माजं?"

 हर्षदाच्या डोळ्यांपुढं नाकाचं टोक होतं. खापरासारखं ते, बारीक छिद्रांचं, कारण वास आत शिरायला वाट लागते. स्पिरिट वरवरचं मारतं. छिद्रात दडलेल्या जाड कवचाच्या बीजाणूंना त्यानं काही होत नाही. ती कांडी वैशाखापासून तिनं दोनशे बाराही प्लॉटमध्ये, दर आठ दिवसांनी, स्वतःच्या हातानं, ओल्या मातीत, मुळाशी रोवली होती. नीट रुतावी म्हणून वरून टाचेनं दाबली होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आणि खाताना प्रत्येक वेळी सांगितलं होतं, निरोगी.

घड्याळात साडेतीन झाले होते.

गप्प बसलं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. बापूसोचं एक रान भाजलं जाईल. मायाप्पाची मेंढरं जातील. गाव हळहळेल आणि विसरेल. पौषात कुदळ लागेपर्यंत कुणाला काही कळणार नाही, आणि तेव्हाही वरून धड दिसणारे गड्डे बेणं म्हणून माघात अकरा तालुक्यांत जातील, शिक्क्यासकट. बोललं तर आज संध्याकाळी गावाचं सगळं हिरवं भाजून निघेल, आणि ते कुणामुळं हे पोराबाळांनासुद्धा कळेल. लेकीला शाळेत कळेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण तिथं चोराचं काळीज कसं धडधडतं ते लिहिलेलं नसतं.

"आत्ती, तुम्ही घरातच थांबा," ती म्हणाली. "कुणी काही विचारलं तर तुम्हाला काही माहीत नाही."

पटांगणात मेंढरं आणली होती. एका लहान कोकराच्या गळ्यात लाल दोरा होता. मायाप्पाची बायको तान्ह्याला पोटाशी धरून पारावर बसली होती, आणि बाळंतिणीनं उघड्यावर बसू नये हे तिला सांगायलाही कुणी पुढं होत नव्हतं. हर्षदा सरळ कणसे साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि कांडी त्यांच्यापुढं ठेवली. 

"मेंढरं सोडा साहेब. हेळव्यानं मूळ गाव बरोबर सांगितलं. नावं मी सांगते."

बापूसो म्हणाला, "वयनी, तुमी कशापायी?"

तिनं मान वर केली नाही. लहानपणी ऐकलेला हेळव्याचा सूर कसा कोण जाणे तिच्या तोंडी आला, एका दमात, न थांबता. "मूळ गाव शिरटेक. शिरटेकची शालन, तिच्या हातचा ओला गड्डा. शालनची लेक हर्षदा, तिनं तो ओटीतनं शीव ओलांडून आणला. हर्षदाच्या हाती नाक. नाकाच्या टोकाला त्या गड्ड्याची ओली हळद लागली, ती तिनं धुतली नाही, आणि नाक आंधळं झालं. त्याच नाकानं रानोरान कूज पेरली."

 कणश्यांनी कांडी उचलली, टोक बोटानं न शिवता उन्हाला धरलं आणि परत ठेवली. 

"ओली हळद टोकाला कुणी लावली?" त्यांनी विचारलं.

"मीच," हर्षदा म्हणाली.

"खोटं बोलतीया."

माणसं बाजूला झाली. विमलबाई मागं उभी होती. पायात चपला नव्हत्या, हाताला तुळशीपाशी खड्डा बुजवताना लागलेली माती तशीच. ती गर्दीतून वाट काढत पुढं आली, सुनेच्या शेजारी उभी राहिली आणि साहेबांच्या कागदाकडं बोट करून म्हणाली, "मदलं येक नाव गाळलंय तिनं. ल्ह्या. शालनची येवायीन विमल. हळद म्या लावली."

हर्षदानं तिचा मातीचा हात धरला. 

कणश्यांनी तीन नावं एकाखाली एक लिहिली. लिहून झाल्यावर त्यांनी मायाप्पाकडं बघून मान हलवली. मायाप्पानं पटका उचलला, पण डोक्याला बांधायचं त्याला सुचेना, तो तसाच हातात धरून मेंढरांकडं गेला. पटांगणाच्या पलीकडं शिवार दिसत होतं. नदीपर्यंत हळद, वाऱ्यावर लाटा उठत होत्या, एवढी हिरवी हळद गावानं कित्येक वर्षांत बघितली नव्हती. आता सगळेच तिकडं बघत होते आणि कुणालाच ती बघवत नव्हती.

 विचारायचं तर होतं, पण उत्तर नको असल्यासारखं कणश्यांनी खालमानेनं विचारलं, "आणि पुढं? किती?"

"दोनशे बारा," हर्षदा म्हणाली.